कृतज्ञता, तक्रार आणि अर्धा इंच



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी आणि वृद्ध मंडळींना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी घरोघरी जातो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी अशाच एका घरी गेलो होतो. त्या घरच्या मावशींचा उजवा खुबा दोन महिन्यांपूर्वी मुंबईच्या एका रुग्णालयात बदलला होता. पुढे जे लिहीत आहे ते त्यांची परवानगी घेऊन. नाव, वाडी, घर मी सांगणार नाही, आणि तुम्हीही शोधत बसू नये ही विनंती.

शस्त्रक्रियेपूर्वीची सहा वर्षे मावशींनी कशी काढली ते मी पाहिले होते. रात्री कूस बदलता येत नव्हती. एस.टी.ची पायरी चढताना कंडक्टरला हात द्यावा लागे. विळीवर बसून म्हावरं कापणे बंद झाले, मग बाजारात बसणे बंद झाले आणि शेवटी चर्चच्या पायऱ्याही बंद झाल्या. मुलांनी पैसे जमवले, मांडव्याहून रो-रो बोटीत गाडी घालून त्यांना मुंबईला नेले. शस्त्रक्रिया पार पडली. सहा वर्षांचे दुखणे गेले.

त्या शुक्रवारी प्रार्थना आटोपल्यावर मावशी मला म्हणाल्या, “फादर, दुखणं गेलं हो. पण हा पाय माझा वाटत नाही. लांब झालाय. उभी राहिले की कुणीतरी डाव्या पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं.”

मुलगा म्हणाला, “डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे. फोटोही चांगला आलाय.” सून म्हणाली, “शेजारी सगळे सांगतात, चालायला लागलात हेच पुष्कळ, देवाचे आभार माना.” मावशींनी मान खाली घातली आणि हळूच विचारले, “फादर, एवढं बरं करूनही मी कुरकुर करते. हे कन्फेशनमध्ये सांगायला पाहिजे का?”

अशा वेळी धर्मगुरूच्या तोंडून काहीतरी पवित्र शास्त्रातले यावे अशी अपेक्षा असते. मलाही ते पटकन सुचले. उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायातली याकोबाची कथा मी त्यांना सांगितली. याब्बोक नदीच्या उताराजवळ रात्रभर झुंज झाली, झुंजणाऱ्याने त्याच्या जांघेच्या सांध्याला स्पर्श केला, सांधा निखळला आणि पहाटे याकोब आशीर्वाद घेऊन लंगडत निघाला. “बघा मावशी,” मी म्हणालो, “आशीर्वाद आणि लंगडणे बरोबरच आले.”

मावशींनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “फादर, याकोबाला आशीर्वाद मिळाला, नवीन नावही मिळालं. मला दवाखान्याचं बिल मिळालं.”

घरातले सगळे हसले. मीही हसलो. पण परतताना मला माझीच लाज वाटली. त्या बाईने मला एक खरा प्रश्न विचारला होता आणि मी त्या प्रश्नावर एक गोष्ट झाकण म्हणून ठेवून आलो होतो. ज्याच्यावर मोठा उपकार झाला आहे, त्याला उरलेल्या उणिवेबद्दल तक्रार करता येते का? अशी तक्रार म्हणजे कृतघ्नपणा असतो का? हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. कर्ज फिटले पण शेत गेले, भांडण मिटले पण बोलणे पूर्वीसारखे राहिले नाही, आजार गेला पण शरीर बदलले, अशा प्रत्येक घरात तो कधी ना कधी येतो. म्हणून आज त्यावर थोडे सावकाश बोलू या.

आधी त्या पायाचे काय झाले ते समजून घेऊ. त्यानंतर मी चांगल्या डॉक्टरांना विचारले, वाचले. त्यातले जे खात्रीने कळले तेवढेच सांगतो.

खुब्याचा सांधा उखळीसारखा असतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतो. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते झिजले की हाडावर हाड घासते आणि प्रत्येक पाऊल दुखते. झिजलेले भाग काढून नवा गोळा आणि नवी वाटी बसवण्याची आजच्या पद्धतीची शस्त्रक्रिया इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली या शल्यविशारदाने १९६२ साली रुळवली. धातूचा लहान गोळा आणि दाट प्लॅस्टिकची वाटी ही त्याची जोडी. तेव्हापासून जगभर असंख्य माणसे या शस्त्रक्रियेमुळे अंथरुणातून उठून चालू लागली. मानवी हातांनी केलेल्या उपकारांमध्ये ही फार वरच्या जागेवर बसणारी गोष्ट आहे, याबद्दल शंका नको.

मग पाय लांब का वाटतो? याची कारणे दोन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार असा. सांधा झिजत जातो तसा पाय वर्षानुवर्षे थोडा थोडा आखूड होतो. ते आपल्या लक्षातही येत नाही. कंबर त्या बाजूला झुकते, खुब्याभोवतीचे स्नायू आखडतात, पाठीचा कणा थोडा वाकून जुळवून घेतो. शस्त्रक्रियेत पाय एका दिवसात मूळ लांबीवर येतो. पण स्नायूंना आणि कण्याला त्या जुन्या आखूड पायाचीच सवय असते. म्हणजे पाय बरोबर असतो आणि तरीही लांब भासतो. हा भास खोटा नव्हे. कंबर खरोखरच तिरकी असते, म्हणून पायही खरोखरच लांब पडतो. फक्त कारण हाडात नसते, आखडलेल्या स्नायूंत असते. व्यायामाने हे स्नायू सैल होतात आणि साधारण तीन ते सहा महिन्यांत बहुतेकांचा हा त्रास कमी होतो किंवा जातो.

दुसऱ्या प्रकारात पाय खरोखर काही मिलिमीटर लांब झालेला असतो. शल्यविशारदासमोर रोगी भुलीत आडवा असतो, त्याला उभे करून “आता बरोबर वाटते का?” असे विचारता येत नाही. आधी काढलेले फोटो, मोजमापाच्या खुणा आणि हाताचा अंदाज यांवर काम चालते. त्यात आणखी एक अडचण असते. सांध्याभोवतीचे स्नायू सैल राहिले तर नवा गोळा वाटीतून निखळू शकतो. सांधा घट्ट बसावा म्हणून कधी कधी पाय थोडा लांब ठेवावा लागतो. सारखेपणा आणि पक्केपणा यांतले एकच हाती लागत असेल, तर चांगला डॉक्टर पक्केपणा निवडतो. ते बरोबरच आहे. निखळणारा सारखा पाय घेऊन माणूस काय करणार?

आता नैतिक दृष्टीने ही स्थिती पाहा. इथे कोणी पाप केलेले नाही. कदाचित कोणी चूकही केलेली नाही. मोठे भले झाले आहे. आणि तरीही एका बाईच्या वाट्याला काहीतरी उणे आले आहे, जे तिला रोज, प्रत्येक पावलागणिक जाणवते. चांगले घडले तर आभार मानायचे आणि वाईट घडले तर दोषी शोधायचा, एवढेच आपल्याला येते. पण ज्यात दोषी कोणी नाही आणि नुकसान मात्र आहे, त्याला काय म्हणायचे ते आपल्याला सुचत नाही. मग आपण घाईघाईने त्याला “काही नाही” असे म्हणून टाकतो. मावशींच्या घरात तेच चालले होते, आणि मीही त्यात सामील झालो होतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला स्टोइक पंथाचा एपिक्टेटस शिकवत. तो गुलाम म्हणून जगला होता आणि पायाने अधू होता. त्याची शिकवण थोडक्यात अशी : अधूपणा पायाला अडवतो, तुझ्या इच्छेला नाही, पाय म्हणजे तू नव्हेस. विद्यार्थिदशेत मला हे फार भव्य वाटले होते. गुलामीत जगलेल्या माणसाने स्वतःसाठी असे म्हणावे, त्यात मोठेपण आहेच. पण हेच वाक्य दुसऱ्याच्या पायाकडे बोट दाखवून म्हटले, तर त्यातले मोठेपण निघून जाते.

शिवाय आपली श्रद्धा माणसाकडे तसे पाहत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायावर भाष्य करताना स्पष्ट सांगितले आहे की, केवळ माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. माणूस म्हणजे आत्मा आणि शरीर मिळून एक. म्हणूनच आपण नुसत्या आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही, शरीराच्या पुनरुत्थानाची आशा धरतो. हे खरे असेल तर मावशींचा पाय ही मावशींच्या मालकीची एखादी वस्तू नाही. तो त्यांचाच भाग आहे. पायात जे उणे आहे ते मावशींना उणे आहे. “एवढ्याशाने काय होते?” हे म्हणणे त्यामुळे केवळ निष्ठुर नाही, ते चुकीचेही आहे.

आणि तक्रारीला घाबरणाऱ्यांनी ईयोबाचे पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. ईयोब पुष्कळ बोलला, देवालाच जाब विचारला. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन सुंदर सुंदर बोलले. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो मित्रांवर, आणि ईयोबच आपल्याविषयी योग्य बोलला असे सांगतो. सांत्वन करायला जाणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने हा अध्याय वर्षातून एकदा तरी वाचावा. मी त्या संध्याकाळी वाचला.

तेव्हा मावशींच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर असे : नाही, हे कन्फेशनमध्ये सांगायचे नाही. दुखणे गेले याबद्दलची कृतज्ञता खरी आहे आणि पाय लांब झाल्याचे दुःखही खरे आहे. एकाने दुसऱ्याला खोटे ठरवता येत नाही. ज्या कृतज्ञतेला टिकण्यासाठी सत्य लपवावे लागते ती कृतज्ञता नसते, ती भीती असते.

पण इथेच थांबलो तर अर्धेच बोललो असे होईल. तक्रारीलाही वळण लागते. आपल्या किनाऱ्यावर मासळीच्या बाजारात वजनावरून भांडणे होतात, ती आपण पाहतो. खोटी मापे परमेश्वराला आवडत नाहीत, असे नीतिसूत्रांत एकाहून अधिक वेळा सांगितले आहे. तो नियम विकणाऱ्याला आहे तसा घेणाऱ्यालाही आहे. मला जे कमी मिळाले ते मी मोठे करून सांगू नये, आणि दुसऱ्याने ते लहान करून सांगू नये. म्हणून तक्रार करण्याआधी मोजावे लागते.

मी मुलाला एवढेच सुचवले : पुन्हा जा, आणि “सर्व व्यवस्थित आहे का?” असे न विचारता “दोन्ही पाय मोजून दाखवा” असे सांगा. आणखी काही आठवडे व्यायाम करून ते गेले. तिथे काय झाले ते मावशींनीच मला नंतर हसत हसत सांगितले. फिजिओथेरपिस्टने त्यांना भिंतीजवळ उभे केले आणि डाव्या पायाखाली पातळ लाकडी फळ्या एकावर एक ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक फळीनंतर त्यांची कंबर मागून पाहिली आणि विचारले, “आता?” एका फळीला मावशी म्हणाल्या, “हां, आता जमीन आली.” मग उभ्याने फोटो काढला. फरक बारा मिलिमीटर भरला, म्हणजे जवळजवळ अर्धा इंच. सुरुवातीला त्यांना जेवढा वाटत होता त्याहून पुष्कळ कमी. कारण दरम्यान स्नायू सैल झाले होते. पण शून्य नव्हता.

डॉक्टरांनी त्या दिवशी खुर्ची ओढून, फोटो समोर धरून, पाय थोडा लांब का ठेवावा लागला ते समजावले. आणि म्हणाले, “हे मी आधीच सांगायला हवं होतं.” मावशी मला म्हणाल्या, “फादर, पाय तेवढाच राहिला. पण कुणीतरी मोजला ना!”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. त्यांना पैसे परत नको होते, कोणाची मानहानी नको होती. त्यांना जे जाणवत होते ते आहे, एवढे कोणीतरी मान्य करायला हवे होते. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलल्यानंतर रुग्ण कोर्टात जातात, त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक पायांच्या लांबीतला फरक हे आहे. त्यांतले किती जण, आधी सांगितले असते आणि नंतर मोजून दाखवले असते, तर घरीच थांबले असते, कोणास ठाऊक. आपल्याकडे संमतिपत्रावर मुलगा सही करतो, बहुतेक वेळा न वाचता, आणि आई स्ट्रेचरवर असते. “पाय थोडा लांब-आखूड होऊ शकतो” हे एक वाक्य आईला तिच्या भाषेत सांगणे, हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. विचारणे हे आपले.

तक्रार दाबणे किती महाग पडू शकते, हेही लक्षात ठेवावे. ‘ए.एस.आर.’ नावाचे धातूवर धातू घासणारे कृत्रिम खुबे दोष आढळल्यामुळे उत्पादकांनी ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेतले. भारतात अशा सुमारे ४७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. “दुखतंय, काहीतरी चुकलंय” असे म्हणत राहिलेल्या रुग्णांनी, त्यांत मुंबईचेही होते, हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला, तेव्हा कुठे २०१८ साली केंद्र सरकारने नुकसानभरपाईचे सूत्र ठरवले. त्या रुग्णांनी “चालतोय हेच पुष्कळ” म्हणून तोंड मिटले असते तर? मावशींची गोष्ट वेगळी होती, तिथे दोष नव्हता. पण दोष आहे की नाही हेसुद्धा मोजल्याशिवाय कळत नाही.

आता उरलेल्या अर्ध्या इंचाचे काय करायचे?

मला वाटले, सोपे आहे. डाव्या चपलेला बारा मिलिमीटरचा जाड तळ लावायचा, झाले. पण तसे केले नाही. आठच मिलिमीटर लावला. कारण मावशींचा कणा आणि कंबर पन्नास वर्षांच्या कामाने घडलेले आहेत; त्यांना आठ मिलिमीटरलाच नीट उभे राहता येत होते. बारा लावले तर कागदावर पाय सारखे झाले असते आणि पाठ दुखली असती. तसे पाहिले तर तुमच्या-माझ्याही दोन पायांत काही मिलिमीटरचा फरक असणे अगदी सामान्य आहे. आपण कधी मोजलेला नसतो, एवढेच.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या पुस्तकात न्यायाविषयी बोलताना लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांचे उदाहरण दिले आहे. ते दगड मोजायला शिशाची पट्टी वापरत. शिसे मऊ असते, म्हणून पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. कडक पट्टीने सगळे दगड एकाच रेषेत आणण्याऐवजी तो त्या त्या दगडाला धरून माप घेतो. खरा न्याय कधी कधी असा असतो, असे त्याचे म्हणणे. ग्रीसपर्यंत जायला नको. आपल्याकडे गडगा रचणाऱ्याला विचारा. दोन धोंडे सारखे नसतात. तो त्यांना सारखे करत बसत नाही, एकाच्या पोकळीत दुसऱ्याचा उंचवटा बसवतो, आणि चुन्याशिवाय रचलेला तो गडगा कित्येक पावसाळे उभा राहतो.

तरीही काही उरतेच. आपण घरात चप्पल घालत नाही. वाळूत, अंगणात, सुकटीच्या खळ्यात अनवाणी फिरतो. चपलेचा तळ दाराशीच राहतो आणि दाराच्या आत तो अर्धा इंच पुन्हा भेटतो. मावशींनी घरात वापरायला वेगळी, तळ लावलेली सपाता केली आहे. पण देवघरापाशी ती काढतातच. तेवढे अंतर राहिले. पुन्हा शस्त्रक्रिया करून पाय सारखा करणे क्वचितच, फरक मोठा आणि त्रास असह्य असेल तेव्हाच सुचवतात, कारण दुसऱ्या शस्त्रक्रियेचे धोके वेगळे असतात. (एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी : खुबा बदललेल्या माणसाचा पाय अचानक आखूड झाला आणि प्रचंड दुखू लागले, किंवा पंजा वर उचलता येईनासा झाला, तर वाट पाहायची नाही. तत्काळ डॉक्टरांकडे न्यायचे.)

पाय सारखे करण्याचा हट्ट धरणारा एक संत आपल्याकडे आहे. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या किल्ल्यात तोफेच्या गोळ्याने लोयोलाच्या इग्नेशियसचा उजवा पाय मोडला. हाड बसवले, ते नीट बसले नाही, म्हणून पुन्हा बसवले; त्या दुखण्यात ते मरणाच्या दारापर्यंत गेले. बरे झाले तेव्हा गुडघ्याखाली हाड वर आलेले होते आणि पाय आखूड झाला होता. दरबारात मिरवायचे घट्ट बूट त्या पायावर शोभणार नव्हते. म्हणून भूल नसलेल्या त्या काळात त्यांनी ते हाड करवतीने कापून घेतले आणि पाय ताणून लांब करण्याच्या यातना अनेक दिवस सोसल्या. तरी थोडे लंगडणे आयुष्यभर राहिले. त्याच पायाने ते पुढे बार्सिलोनाहून पॅरिसपर्यंत चालत गेले. आयुष्याच्या शेवटी आपली हकीकत सांगताना त्यांनी कबूल केले की ती शस्त्रक्रिया केवळ मिरवण्याच्या हौसेपोटी होती, आणि स्वतःला नाव दिले ‘यात्रेकरू’. त्यांच्या येशूसंघाची माणसे चौल-रेवदंड्यापर्यंत आली. त्याच संघाच्या फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले.

पण यावेळी मी सावध आहे. ही गोष्ट मी मावशींना “बघा, संतसुद्धा लंगडत होते” असे म्हणून सांगणार नाही. इग्नेशियसला बूट मिरवायचे होते. मावशींना एस.टी. पकडायची होती. दोघांच्या इच्छा एका तागडीत घालणे हेही खोटेच माप. संत इग्नेशियसकडून घ्यायचे ते इतकेच : त्यांनी लंगडणे लपवले नाही, त्याला गोंडस नावही दिले नाही, आणि चालणे थांबवले नाही.

शेवटी पुन्हा याकोबाकडे येतो. कारण ती कथा मी मावशींना अर्धवट सांगितली होती. नंतर शांतपणे वाचताना दोन गोष्टी दिसल्या. एक, त्या अध्यायात “लंगडण्याबद्दल आभार मान” असे याकोबाला कोणीही सांगत नाही. सूर्य उगवला आणि तो लंगडत चालला होता, एवढेच शास्त्रलेखक नोंदवतो. दुसरी गोष्ट अध्यायाच्या अगदी शेवटच्या वचनात आहे, जी आपण वाचून पुढे जातो : तेव्हापासून इस्राएलचे लोक जांघेच्या सांध्यावरचा स्नायू खात नाहीत. म्हणजे एका माणसाच्या खुब्याला जे झाले त्याची आठवण साऱ्या लोकांनी आपल्या स्वयंपाकघरात ठेवली. त्याच्या लंगडण्यासाठी बाकीच्यांनी आपल्या जेवणाची रीत बदलली.

आपण काय बदलणार? उपदेश पुरे, चार साध्या गोष्टी सांगतो. चर्चच्या पायऱ्यांना डाव्या बाजूने कठडा बसवायचा ठराव पॅरिश कौन्सिलपुढे आहे, त्याला हातभार लावा. ज्यांना रांगेत उभे राहणे जड जाते त्यांनी बाकावरच बसून राहावे, ख्रिस्तप्रसाद तिथे आणून दिला जाईल. त्यासाठी कोणाची माफी मागायची गरज नाही. आपल्या गावांत माणसाला त्याच्या चालीवरून नाव पडते आणि ते तीन पिढ्या चिकटते. मुलांच्या तोंडून असे नाव ऐकले तर तिथल्या तिथे थांबवा. आणि दवाखान्यातून आलेल्या माणसाला भेटायला जाल तेव्हा “देवाचे आभार मान” असे म्हणण्याआधी “कुठे अडतं?” असे विचारा. आभार तो स्वतः मानील. मावशी मानतातच, रोज सकाळी, त्या रात्री कूस बदलता आली म्हणून.

त्या आता जमिनीवर विळी घेऊन बसत नाहीत, डॉक्टरांनी मनाई केली आहे. उंच स्टुलावर बसून ओट्यावर सुरीने म्हावरं कापतात. “सुरीनं वाकडं कापलं जातं, फादर,” अशी त्यांची तक्रार आहे. ती मी पूर्ण ऐकून घेतली.

तुमचा,
धर्मगुरू